रक्तातून दिसणारा मेंदू

(गोंदिया येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरुक्ती छपाईपूर्वी काढली आहे.)



धानाची कापणी-चुरणी ऐन भरात असताना संध्याकाळी सभागृह भरते, ही या गावाची ख्याती मी नागपुरात ऐकून होतो. आज डोळ्यांनी पाहिली. तेव्हा प्रस्तावनेत वेळ न घालवता एका शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. शेतकरी इटलीतला, गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली.

त्याचे नाव मिकेले बेर्तिनो. डोक्याला मार लागून कवटीचे हाड फुटले. जखम भरली, वर कातडी आली, पण हाडातले भोक तसेच राहिले. त्या कातडीखाली मेंदूचे ठोके दिसत. तुरीनचे शरीरशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांनी त्या जागेवर ठोक्यांची रेघ कागदावर उमटवणारे उपकरण बसवले. दुपारची चर्चची घंटा वाजली आणि रेघ एकदम उंचावली. मनगटाकडच्या नाडीत तसा बदल नव्हता. मोस्सोंनी विचारले, घंटा ऐकून प्रार्थना आठवली का? बेर्तिनो हो म्हणाला आणि रेघ पुन्हा वर गेली. मग मोस्सोंनी त्याला आठ आणि बाराचा गुणाकार करायला सांगितला. गुणाकार करतानाही रेघ चढली.

आज मेंदूच्या प्रतिमा घेण्याचे जे मोठे शास्त्र उभे आहे, त्याचे बीज या गोष्टीत आहे आणि त्याची मर्यादाही. मोस्सोंना बेर्तिनोची प्रार्थना दिसली नाही, गुणाकारही दिसला नाही. दिसले ते रक्त. शाळेच्या प्रयोगवहीत आपण ‘निरीक्षण’ आणि ‘अनुमान’ असे दोन वेगळे रकाने आखत असू. रेघ उंचावली, हे निरीक्षण. विचार करताना मेंदूकडे जास्त रक्त येते, हे अनुमान. मी रेडिओलॉजिस्ट आहे, दिवसभर काळोख्या खोलीत करड्या चित्रांसमोर बसणारा माणूस. या धंद्यात सगळी गडबड होते ती हे दोन रकाने एकमेकांत मिसळल्यामुळे. आणि गोंदिया जिल्ह्याच्या बाबतीत रक्ताकडे दुर्लक्ष करून मेंदूबद्दल बोलताच येणार नाही. ते का, हे आज सांगायचे आहे.

मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण शरीर जेवढा ऑक्सिजन वापरते त्यातला सुमारे २० टक्के एकटा मेंदू खातो. शिवाय त्याच्याकडे साठवण जवळजवळ नाही. लागेल तसे, लागेल तेथे रक्ताने आणून द्यायचे. १८९० मध्ये रॉय आणि शेरिंग्टन यांनी मांडले की मेंदूचा जो भाग काम करतो त्याचा रक्तपुरवठा तेथल्या तेथे वाढतो. १९२८ मध्ये अमेरिकेत जॉन फुल्टन यांनी एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. त्याच्या मेंदूच्या मागच्या बाजूला रक्तवाहिन्यांचा जन्मजात गुंता होता. डोक्याच्या मागे स्टेथोस्कोप लावला की वाहत्या रक्ताचा आवाज ऐकू येई. तो वाचू लागला की आवाज वाढे, डोळे मिटून स्वस्थ बसला की कमी होई. वाचन कानाने ऐकण्याचा वैद्यकातला हा बहुधा एकमेव प्रसंग असावा.

पण कवटी फुटलेला शेतकरी आणि गुंता झालेला रुग्ण किती मिळणार? धडधाकट माणसाच्या बंद कवटीतले रक्त बाहेरून पाहायचे कसे? वाट सापडली ती रक्ताच्या चुंबकीय गुणात.

रक्तात लोह आहे हे माहीत होते. १८४५ मध्ये मायकेल फॅरडे यांनी वाळलेले रक्त चुंबकाजवळ नेऊन पाहिले. ते ओढले गेले नाही. तो धागा नव्वद वर्षे तसाच पडून राहिला. १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कॉरिएल यांनी तो उचलला. त्यांना आढळले की हिमोग्लोबिन ऑक्सिजन घेऊन चालले असेल तर चुंबकाला दाद देत नाही आणि ऑक्सिजन देऊन रिकामे झाले की देते. रेणू तोच, लोह तेच. ऑक्सिजनच्या येण्याजाण्याने त्याचा स्वभाव पालटतो.

पॉलिंग हे नाव कृपया लक्षात ठेवा. ते पुन्हा येणार आहे, आणि तेव्हा गोंदियाच्या अगदी जवळ येणार आहे.

एमआरआय यंत्र म्हणजे एक प्रचंड चुंबक. रुग्णालयातले नेहमीचे यंत्र १.५ टेस्लाचे असते, म्हणजे आपल्या पायाखालच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३० हजार पट. शरीरातल्या पाण्यातील हायड्रोजनचे अणुगर्भ त्या क्षेत्रात एका शिस्तीत येतात, रेडिओलहरींनी त्यांना डिवचले की परत जागेवर येताना बारीक संकेत देतात आणि त्या संकेतांतून चित्र बांधले जाते. क्ष-किरण नाहीत, किरणोत्सर्ग नाही. संकेतांतून चित्र बांधण्याची रीत १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी दाखवली, पीटर मॅन्सफिल्ड यांनी ती जलद केली आणि २००३ मध्ये दोघांना नोबेल मिळाले.

१९९० मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सेइजी ओगावा उंदरांच्या मेंदूची चित्रे घेत होते. श्वासातला ऑक्सिजन कमी केला की चित्रात रक्तवाहिन्या काळ्या रेषांसारख्या उमटत. वाढवला की पुसट होत. पॉलिंग यांनी चौपन्न वर्षांपूर्वी मोजलेला गुण जिवंत मेंदूत चित्र काढत होता. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या तीन वेगवेगळ्या गटांनी हीच युक्ती माणसांवर लावून दाखवली. डोळ्यांसमोर दिवा लुकलुकला की मेंदूच्या मागच्या भागातला संकेत वाढे. सुई नाही, औषध नाही. स्वतःचे रक्तच शाईचे काम करते. यालाच फंक्शनल एमआरआय म्हणतात.

येथे एक गोम आहे आणि ती कळली नाही तर पुढचे सगळे चुकते. तुम्हाला वाटेल, मेंदूचा भाग काम करतो, ऑक्सिजन खातो, म्हणजे तेथे रिकामे हिमोग्लोबिन वाढत असणार. होते उलटे. तलावांच्या या जिल्ह्यात ते समजावणे सोपे आहे. रोवणीच्या वेळी एका बांधीला पाणी हवे म्हणून मामा (माजी मालगुजारी) तलावाचा पाट सोडला, तर पाणी मोजून तेवढेच येत नाही. बांधी भरते आणि पाणी पुढच्या बांधीत उतरते. मेंदूतही तसेच होते. मागणी थोडी वाढते आणि पुरवठा त्याहून पुष्कळ जास्त येतो. त्यामुळे काम करणाऱ्या जागी रिकाम्या हिमोग्लोबिनचा वाटा घटतो आणि यंत्राला संकेत वाढलेला दिसतो. आता टेकडीवरून पाहणाऱ्याला पाण्याच्या चकाकीवरून रोवणी कोणत्या बांधीत चालू आहे, याचा अंदाज येईल. रोवणाऱ्या बाया काय बोलत आहेत, ते कळणार नाही.

शिवाय हे पाणी उशिरा येते. मज्जापेशींचे काम सेकंदाच्या हजाराव्या भागात चालते. रक्ताची लाट शिगेला पोचायला पाच-सहा सेकंद लागतात. चित्रातला सर्वांत लहान चौकोन साधारण तीन मिलिमीटरचा, आणि तेवढ्यात लाखो मज्जापेशी मावतात. ‘मेंदूतले प्रेमाचे केंद्र सापडले’ अशी बातमी वाचाल तेव्हा हे आकडे आठवा. रंगीत ठिपके यंत्र काढत नाही. यंत्र करडे चित्र देते. एका कामाच्या वेळचे आकडे दुसऱ्या कामाच्या आकड्यांतून वजा करून, फरक योगायोगाचा नाही असे गणिताने ठरवून, त्यावर संशोधक लाल-पिवळा रंग भरतो. तो रंग दुसऱ्या रकान्यात लिहायचा असतो.

गणितात ढिलाई झाली तर काय होते, याचा एक नमुना मला फार आवडतो. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सॅमन मासा यंत्रात ठेवला. त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली आणि या माणसांच्या मनात काय भावना असतील असे विचारले. मासा बाजारातून आणलेला, अर्थातच मेलेला. तरी त्याच्या मेंदूत काही चौकोन ‘सक्रिय’ निघाले. एकाच वेळी लाखभर चौकोनांची परीक्षा घेतली तर काही नुसत्या योगायोगाने पास होतात, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षा कडक करणारी दुरुस्ती लावल्यावर मासा पुन्हा मेला. या कामाला २०१२ मध्ये हसवून विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठी असलेले इग नोबेल मिळाले.

माशावर हसता येते. पुण्यातल्या खटल्यावर हसता येत नाही.

२००८ च्या जून महिन्यात पुण्याच्या सत्र न्यायालयाने व्यवस्थापनशास्त्राच्या एका तरुण विद्यार्थिनीला खुनाबद्दल जन्मठेप सुनावली. आरोप असा की तिने पूर्वीच्या वाग्दत्त वराला प्रसादातून विष दिले. पुराव्यात इतर गोष्टी होत्या, पण जगाचे लक्ष गेले ते एका चाचणीकडे. तिच्या डोक्यावर विद्युत्प्रवाह टिपणारी टोपी चढवली, तिने डोळे मिटले आणि तिला घटनेची वर्णने करणारी वाक्ये ऐकवली. ‘मी आर्सेनिक विकत घेतले’ अशा धर्तीची. तिने काही बोलायचे नव्हते. मेंदूच्या लहरींवरून संगणकाने सांगितले की या गोष्टींचा तिला ‘प्रत्यक्ष अनुभव’ आहे. ही पद्धत, बीईओएस, चंपादी रामन मुकुंदन यांनी विकसित केलेली. येथे चित्र नव्हते, विजेच्या लहरी होत्या, पण दावा तोच होता. कवटीच्या बाहेरून आठवण वाचण्याचा.

ऐकलेली गोष्ट, वर्तमानपत्रात वाचलेली गोष्ट, पोलिसांनी शंभर वेळा विचारून मनात ठसवलेली गोष्ट आणि स्वतः केलेली गोष्ट यांतला फरक लहरींवरून खात्रीने सांगता येतो, हे स्वतंत्र प्रयोगशाळांनी पडताळून पाहिलेले नव्हते. त्याच वर्षी बंगळुरूच्या निम्हान्सचे संचालक अध्यक्ष असलेल्या तज्ज्ञ समितीने अशा चाचण्या पुरावा म्हणून वापरण्याजोग्या शास्त्रीय नाहीत, असे मत दिले. त्या तरुणीला पुढे उच्च न्यायालयाने जामीन दिला. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात निकाल दिला: नार्को, लाय डिटेक्टर किंवा मेंदूची अशी चाचणी माणसाच्या संमतीवाचून सक्तीने करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती होऊ नये, हा घटनेच्या विसाव्या अनुच्छेदातला हक्क मनाच्या आत डोकावणाऱ्या यंत्रालाही लागू आहे. मला हा निकाल आपल्या न्यायव्यवस्थेच्या अभिमानाच्या जागांपैकी वाटतो. विज्ञानाने स्वतःला जी मर्यादा घालून घ्यायला हवी होती, ती न्यायालयाला घालावी लागली, याची मात्र आम्हा मंडळींना लाज वाटली पाहिजे.

मग ही यंत्रे मोडीत काढायची का? मुळीच नाही. प्रश्न नेमका असेल तर ती जे दाखवतात ते दुसऱ्या कशाने दिसत नाही.

लखनऊजवळच्या खेड्यांतला एक अभ्यास सांगतो, कारण त्यात आपली लिपी आहे. वाचन ही माणसाची अगदी अलीकडची, पाच-सहा हजार वर्षांची कला. त्यासाठी निसर्गाने मेंदूत वेगळी खोली बांधलेली असणे शक्य नाही. मग प्रौढपणी अक्षरओळख झाली तर मेंदू जागा कोठून काढतो? फाल्क ह्युटिग, मायकेल स्काइडे, उत्तम कुमार आणि सहकाऱ्यांनी तिशीच्या आसपासची निरक्षर माणसे निवडली, त्यांत बहुतेक स्त्रिया. २१ जणांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवले, ९ जणांना त्या काळात शिकवले नाही. आधी आणि नंतर यंत्रात स्वस्थ पडून असतानाचा मेंदू पाहिला. २०१७ मध्ये निष्कर्ष आला. बदल मेंदूच्या वरच्या, ‘हुशार’ समजल्या जाणाऱ्या सालीपुरते नव्हते. खोलवर, मेंदूच्या देठात आणि थॅलॅमसमध्ये, नजर कोठे वळवायची याची व्यवस्था पाहणारे जे फार जुने भाग आहेत, त्यांचा दृष्टीच्या सालीशी ताल अधिक जुळू लागला होता. आणि ज्यांचा ताल जास्त जुळला, त्यांचे वाचनही जास्त सुधारले होते.

येथेही दोन रकाने ठेवू. माणसे थोडी होती. मेंदूच्या चित्रांवरून माणसामाणसांतले फरक सांगायचे तर हजारो माणसे लागतात, हे २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासाने स्पष्ट केले आहे. पण लखनऊच्या अभ्यासाचे बळ वेगळ्या ठिकाणी आहे. त्यात त्याच माणसाची स्वतःशीच तुलना आहे, आधी आणि नंतर. माझ्या मते थोड्या माणसांत करायचा अभ्यास असाच करावा. आणि दुसरे असे की विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना सोडून संशोधक खेड्यात गेले. या शास्त्रातले बहुतेक निष्कर्ष श्रीमंत देशांतल्या पदवी घेणाऱ्या तरुणांच्या मेंदूंवरून काढलेले आहेत. ज्या नकाशावर जगभरचे मेंदू ताणून बसवतात, त्यातला फार वापरला गेलेला जुना नकाशा साठ वर्षांच्या एकाच फ्रेंच बाईच्या मेंदूवरून केला होता, आणि नंतरचा माँट्रियलच्या १५२ जणांवरून. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने १०० भारतीय मेंदूंचा नकाशा २०१९ मध्ये तयार केला, तेव्हा आपल्या मेंदूंची लांबी-रुंदी-उंची पाश्चात्त्य नकाशापेक्षा सरासरीने थोडी कमी भरली. त्यात बुद्धीचा काही संबंध नाही. टोपी मापाची असावी, एवढेच.

आता रक्ताकडे परत येऊ, आणि पॉलिंगकडे.

१९४५ मध्ये पॉलिंग यांनी विल्यम कॅसल या डॉक्टरकडून एका आजाराबद्दल ऐकले. त्यात रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, पण सगळीकडे नाही. शिरांतल्या रक्तात, जेथे ऑक्सिजन कमी, तेथे वाकतात. फुप्फुसातून ताजे होऊन आल्या की पुष्कळशा सरळ होतात. दुसऱ्या कोणाला हे कुतूहल वाटले असते. पॉलिंग यांनी नऊ वर्षांपूर्वी ऑक्सिजनसह आणि ऑक्सिजनविना हिमोग्लोबिनचे दोन स्वभाव स्वतः मोजले होते. त्यांनी ताडले की दोष पेशीत नसून हिमोग्लोबिनच्या रेणूत असणार. हार्वी इटानो, सिंगर आणि वेल्स यांच्यासह त्यांनी ते सिद्ध केले आणि १९४९ मध्ये ‘सायन्स’मध्ये निबंध छापला. सिकलसेल हा रेणूचा आजार आहे, असे त्याचे शीर्षकच सांगत होते. एखादा आजार एका रेणूच्या बिघाडापर्यंत नेऊन पोचवल्याचा हा पहिला दाखला.

म्हणजे बघा. ज्या गुणावर फंक्शनल एमआरआयचे चित्र उमटते तो गुण मोजणारा माणूस आणि सिकलसेलचे मूळ सांगणारा माणूस एकच, आणि दोन्ही शोध एकाच रेणूचे. माझ्या व्यवसायातल्या कितीतरी मंडळींना हे ठाऊक नसते. गोंदियात ते प्रत्येक शाळेत सांगितले पाहिजे, कारण महाराष्ट्रात सिकलसेलचा भार ज्या जिल्ह्यांवर जास्त आहे त्यांत नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली यांच्या जोडीला गोंदिया आहे. येथे कोणत्याही गावात विचारा, ‘एएस’ (वाहक) आणि ‘एसएस’ (रुग्ण) ही अक्षरे समजावून सांगावी लागत नाहीत. सोयरीक जुळवताना ती विचारली जातात, विचारली गेली पाहिजेत. नवरा-बायको दोघेही एएस असले तर दर बाळंतपणात एसएस बाळाची शक्यता २५ टक्के.

या आजारातला मेंदू हा माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा. हातपाय दुखून मूल कळवळते, ते दिसते. डोळे पिवळे होतात, ते दिसते. मेंदूत काय होते ते पुष्कळदा दिसत नाही. मोठी रक्तवाहिनी आकसून बंद झाली तर मुलाला लकवा मारतो, आणि ते वय पाच-सात वर्षांचेही असू शकते. पण त्याहून जास्त मुलांत बारीक वाहिन्यांच्या टोकाशी मेंदूचे छोटे ठिकाण रक्तावाचून मरते. हात लुळा पडत नाही, तोंड वाकडे होत नाही. एमआरआयमध्ये मात्र पांढरा ठिपका दिसतो. याला मूक आघात म्हणतात. अमेरिकेतल्या अभ्यासांत एसएस मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांत, मोठी होईपर्यंत, असे ठिपके आढळले आहेत. आपल्याकडच्या सिकलसेलची जनुकीय जात वेगळी, तिला अरब-भारतीय म्हणतात, आणि तिच्यात बाळपणीचे हिमोग्लोबिन जास्त टिकत असल्याने पुष्कळांना आजार सौम्य जातो. म्हणून अमेरिकेचा आकडा उचलून येथे चिकटवता येणार नाही. पण विदर्भात गंभीर आजारी मुले नाहीत, असे येथला कोणताही बालरोगतज्ज्ञ म्हणणार नाही.

अशा मुलाचे लक्ष टिकत नाही, गणितात हातचा विसरतो, वाचलेले सांगता येत नाही. शाळेत तो ‘ढ’ ठरतो. सतत गैरहजर असतो म्हणून मागे पडला, असे मास्तरांना वाटते, आणि तेही अर्धे खरे असते. उरलेले अर्धे त्या पांढऱ्या ठिपक्यात असू शकते.

आता समजा, एखाद्या हौशी संशोधकाने सालेकसा किंवा देवरीच्या शाळेतली मुले नागपूरला आणून यंत्रात ठेवली आणि वाचताना मेंदू कसा उजळतो ते पाहिले. एसएस मुलाचे चित्र फिके येईल. संशोधक लिहील: या मुलाचा मेंदू कमी काम करतो. सपशेल चूक! या मुलाच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी, म्हणून शरीराने मेंदूकडचा प्रवाह विश्रांतीतही आधीच वाढवून ठेवलेला असतो. पाट अगोदरच तुडुंब वाहतो आहे. मागणी आली तरी तो आणखी फार वाढू शकत नाही. पाण्याची चकाकी बदलली नाही, याचा अर्थ रोवणी थांबली असा होत नाही. सिकलसेलच्या मुलांमध्ये हा संकेत कमी उठतो, असे अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलेही आहे, आणि त्या संशोधकांनी त्याचे कारण रक्तात शोधले.

हे केवळ सिकलसेलपुरते नाही. साधा रक्तक्षयही संकेताची उंची बदलतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता, आणि पाच वर्षांखालच्या मुलांत ६७ टक्के. फंक्शनल एमआरआयची पाठ्यपुस्तके ज्यांच्या मेंदूंवर लिहिली गेली, त्यांच्यात असे रक्त क्वचित. तेव्हा आपल्या भागात मेंदूचे चित्र घेणाऱ्याने आधी बोटाला सुई टोचून हिमोग्लोबिन पाहावे आणि तो आकडा चित्राशेजारी लिहावा, असा माझा हट्ट आहे. तो खर्च फार तर एका चहाचा आहे.

आणि खरे सांगायचे तर मुलाच्या दृष्टीने पहिले यंत्र एमआरआय नव्हेच. ते आहे टीसीडी, ट्रान्सक्रेनियल डॉपलर. कानशिलापाशी हाड पातळ असते. तेथून ध्वनिलहरी पाठवून मेंदूच्या मोठ्या वाहिन्यांतला रक्ताचा वेग मोजायचा. यंत्र उचलून नेता येते, मुलाला झोपवावे लागत नाही, भोंगा वाजत नाही. वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर लकव्याचा धोका मोठा. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत अशा मुलांना नियमित रक्त दिल्यावर लकव्याचे प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले. दर महिन्याला रक्त देणे आपल्याकडे सोपे नाही. पण उत्तर नायजेरियात, कानो आणि कडुनाच्या रुग्णालयांत, टीसीडीने धोक्यातली मुले हेरून त्यांना हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या दिल्या. कमी मात्रा आणि मध्यम मात्रा यांत लकवा टाळण्याच्या बाबतीत फारसा फरक पडला नाही, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. ही कमी मात्रा म्हणजे किलोमागे १० मिलिग्रॅम. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी आपल्या भागातल्या मुलांसाठी याच मात्रेवर काम करून ते २०१२ मध्येच प्रसिद्ध केले होते. आपल्याला बोस्टनकडे पाहण्यापेक्षा कानोकडे पाहणे जास्त उपयोगाचे आहे.

केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी शेजारच्या मध्य प्रदेशातल्या शहडोलला सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट. रक्ताचा रिपोर्ट हातात आलेल्या प्रत्येक एसएस मुलाच्या कानशिलाला वर्षातून एकदा टीसीडी लागला पाहिजे, एवढी एक ओळ त्यात जोडली गेली तर माझे आजचे बोलणे कारणी लागले. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. हे काम शिकायला परदेश लागत नाही, नायजेरियात ते स्थानिक कर्मचाऱ्यांनीच केले.

यंत्रांचे म्हणाल तर दिवस पालटत आहेत. मुंबईची ‘समीर’ ही सरकारी संस्था १.५ टेस्लाचे स्वदेशी एमआरआय यंत्र तयार करीत आहे. बंगळुरूच्या व्हॉक्सेलग्रिड्स कंपनीचे यंत्र तर आपल्या चंद्रपूरच्या कर्करोग रुग्णालयात बसले आहे. नागपूर-मुंबईची वाट आणखी काही वर्षांनी कमी तुडवावी लागेल.

पण यंत्र जवळ आले तरी माणूस आत जायला हवा. आत जाण्यापूर्वी एक तक्ता भरून घेतात. पेसमेकर आहे का, शरीरात छर्रा राहिला आहे का, टॅटू आहे का? गोंड, परधान घरांतल्या आजीबाई या प्रश्नाला गोंधळतात, कारण हातभर गोंदण आहे आणि ते टॅटू आहे असे त्यांच्या मनातही येत नाही. लोह असलेल्या रंगाने क्वचित जळजळ होते म्हणून तो प्रश्न असतो. परंपरेचे गोंदण काजळीचे, त्यात लोह नाही. तंत्रज्ञाला हे ठाऊक नसले तर आजीबाई परत पाठवल्या जातात. जोडवी, तोडे, करदोटा काढायला लावताना कारण सांगितले नाही तरीही परत जातात. आणि सूचना कोणत्या भाषेत? आमगावच्या पोराला घरी पोवारी, शाळेत मराठी, बाजारात हिंदी. सालेकशाच्या पोराला त्यात गोंडी किंवा छत्तीसगढी. भाषांचा मेंदूवर काय परिणाम होतो हे पाहायला जगभरचे संशोधक दोन भाषा बोलणारे विद्यार्थी शोधत हिंडतात. येथे चार भाषा बोलणारी सात वर्षांची मुले शाळेच्या ओट्यावर बसलेली आहेत. कधी काळी हा अभ्यास येथे व्हावा. तो करणाऱ्याने संमतीपत्र पोवारीत आणि गोंडीत वाचून दाखवावे, शाळेने हो म्हटले म्हणून मुलाचा होकार गृहीत धरू नये आणि चित्रात पांढरा ठिपका सापडला तर ते चित्र संगणकात न ठेवता त्या मुलाच्या आईला आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला दाखवावे. त्या ठिपक्यासाठी आज औषध आहे, रक्त आहे, आणि शाळेत अभ्यास सावकाश घेण्याची सोय करता येते.

वेळेचे भान अध्यक्षांनी दोनदा करून दिले आहे. एएस-एसएस सोयरिकीबद्दल काही चिठ्ठ्या आधीच आल्या आहेत, त्यांपासून सुरुवात करू.